पॉलिमर फिल्मवर पेशी वाढवताना: कोणती पायरी आधी, कोणती नंतर

सांगली, मिरज, कऱ्हाड, साताऱ्याच्या प्रोजेक्ट रिपोर्टांत एक वाक्य हमखास भेटतं: "स्पर्शकोन ८० अंशांवरून ५० अंशांवर आला, त्यामुळे पेशींची वाढ सुधारली." स्पर्शकोन (पाण्याचा थेंब पृष्ठभागाशी करतो तो कोन; पृष्ठभाग जितका भिजणारा तितका कमी) मोजलेला असतो, पेशीही मोजलेल्या असतात, दोन्हींमधला संबंध मात्र गृहीत धरलेला असतो. फिल्म कॉस्टिकमध्ये, म्हणजे सोडियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात, बुडवली की ती पाण्याने लवकर भिजू लागते हे खरं, पण त्याच वेळी ती खडबडीत होते, तिच्यावर ऋण भार येतो, आणि धुणं कमी पडलं तर थोडं कॉस्टिकही तिच्यात राहून जातं. यातल्या कशाचा पेशीवर परिणाम झाला, हे शेवटच्या आठवड्यात एमटीटीचे, म्हणजे जिवंत पेशींच्या रंगचाचणीचे, आकडे बघून कळत नाही. ते पहिल्या दिवशी ठरवावं लागतं.

इथे पॉलिकॅप्रोलॅक्टोनची, म्हणजे पीसीएलची, फिल्म धरून चाललो आहे. तो मिळतो, परवडतो आणि क्लोरोफॉर्ममध्ये सहज विरघळतो. पीएलए (पॉलिलॅक्टिक ॲसिड) किंवा पीडीएमएस (सिलिकोन रबर) वापरणाऱ्यांसाठी जिथे वेगळं करावं लागतं, तिथे तसं सांगितलं आहे.

१. आधी गट ठरवा, मग रसायनं मागवा

पेशी थेट पॉलिमरला चिकटत नाही. मीडियातल्या, म्हणजे पेशी वाढवायच्या पोषक द्रवातल्या, सीरमची प्रथिनं काही सेकंदांत पृष्ठभागावर बसू लागतात आणि पेशी त्या थराला पकडते. प्रामुख्याने व्हिट्रोनेक्टिन आणि फायब्रोनेक्टिन या प्रथिनांना ती आपल्या इंटेग्रिन रिसेप्टरांनी धरते. स्पर्शकोन, खडबडीतपणा आणि भार यांचा परिणाम बराचसा या थरामधून होतो: कोणतं प्रथिन बसलं, किती बसलं आणि कोणत्या आकारात बसलं. पृष्ठभाग फारच पाणी झटकणारा असेल तर प्रथिनं घट्ट चिकटतात खरी, पण त्यांची घडी मोडते आणि पेशीला धरायची जागा झाकली जाते. उलट पीईजीसारख्या (पॉलिइथिलीन ग्लायकॉल) अतिशय ओलसर पृष्ठभागावर प्रथिन टिकतच नाही. म्हणून बऱ्याच पेशींसाठी साधारण ४० ते ७० अंशांचा मधला पट्टा बरा पडतो. नुसता स्पर्शकोन कमी करत गेलं की पेशी वाढत जातात, ही समजूत इथेच सोडून द्या.

किमान चार गट हवेत:

- गुळगुळीत फिल्म, प्रक्रिया न केलेली
- गुळगुळीत फिल्म, कॉस्टिकची प्रक्रिया केलेली
- खडबडीत फिल्म, प्रक्रिया न केलेली
- खडबडीत फिल्म, कॉस्टिकची प्रक्रिया केलेली

यांच्यासोबत कल्चर प्लेटचं नेहमीचं प्लास्टिक, आणि प्रत्येक गटाचे पेशी न टाकलेले तुकडे. हे बिनपेशीचे तुकडे लोक हटकून विसरतात आणि नंतर आठव्या पायरीवर अडकतात.

खडबडीत फिल्मसाठी महागडा साचा लागत नाही. एक फिल्म साध्या काचेवर ओता, दुसरी दुधी काचेवर. काचेकडची बाजू काचेचा पोत उचलते आणि रसायन तेच राहतं.

२. फिल्म ओतणं

१ ग्रॅम पीसीएल १० मिलिलिटर क्लोरोफॉर्ममध्ये ढवळत पूर्ण विरघळू द्या. ९ सेंटिमीटरच्या काचेच्या पेट्रीत ओतलं तर सुकल्यावर साधारण ०.१४ मिलिमीटर जाडीची फिल्म मिळते. दुधी काचेसाठी तिचा तुकडा पेट्रीच्या तळाशी बसवून त्यावर ओता. काम फ्यूम हूडमध्येच करायचं. पेट्री सपाट आहे का हे लेव्हल ठेवून बघा, नाहीतर फिल्म एका कडेला जाड आणि दुसरीकडे पापुद्र्यासारखी होते.

सावध: प्लास्टिकच्या पेट्रीत क्लोरोफॉर्म ओतू नका. पॉलिस्टायरिन विरघळतं आणि तुमच्या फिल्ममध्ये मिसळतं. फिल्म तरीही छान दिसते, हीच अडचण.

पेट्रीवर बारीक छिद्रं पाडलेलं फॉइल लावून रात्रभर सावकाश सुकू द्या. आपल्याकडे हा सल्ला पावसाळ्यात फार मोलाचा ठरतो. क्लोरोफॉर्म भराभर उडतं तेव्हा फिल्मचा पृष्ठभाग गार पडतो, हवेतली वाफ त्यावर बारीक थेंबांच्या रूपात जमते, आणि ते थेंब उडाल्यावर मागे खळगे राहतात. फिल्म दुधाळ, धुरकट दिसते. साताऱ्यात जुलैमध्ये ओतलेली फिल्म आणि सांगलीत एप्रिलमध्ये ओतलेली फिल्म यांचा पृष्ठभाग एकच असेल असं धरून चालू नका. डायक्लोरोमिथेन आणखी लवकर उडतं, त्यामुळे त्यात हा त्रास जास्त. एका प्रयोगाच्या सगळ्या फिल्म एकाच दिवशी ओता आणि त्या दिवशीची आर्द्रता वहीत लिहा.

पुढे व्हॅक्यूम ओव्हनमध्ये ४० अंशांच्या आत, एक-दोन दिवस. पीसीएल साधारण ६० अंशांला वितळतो, तेव्हा "थोडं तापमान वाढवू, लवकर होईल" हा मोह टाळा.

तपासणी: तुकडा सुकवण्याआधी आणि नंतर वजन करा. सलग दोन वजनं सारखी आली म्हणजे विद्रावक गेलं. वास येत नाही म्हणून सुकलं, असं होत नाही.

फिल्म काढताना काचेकडची बाजू कोणती हे कोपऱ्याला तिरका काप देऊन ठरवून टाका. हवेकडची आणि काचेकडची बाजू वेगळी असते. पेशी काचेकडच्या बाजूवरच टाकायच्या आणि मोजमापंही त्याच बाजूची घ्यायची. वेलमध्ये ठेवताना तुकडे उलटसुलट झाले की अख्खा गट वाया.

३. प्रक्रिया आणि धुणं

१ मोलर सोडियम हायड्रॉक्साइड, खोलीच्या तापमानाला. वेळ आधी छोट्या तुकड्यांवर ठरवा: अर्धा तास, १ तास, ४ तास, रात्रभर. कॉस्टिक पीसीएलचे एस्टर बंध तोडतं आणि पृष्ठभागावर कार्बोक्सिल व हायड्रॉक्सिल गट उघडे पडतात. त्यानेच पृष्ठभाग जास्त भिजतो. जास्त वेळ ठेवलंत तर मात्र नुसते गट उघडे पडत नाहीत, पृष्ठभाग कुरतडला जातो, आणि तुमचा "गुळगुळीत, प्रक्रिया केलेली" हा गट नावापुरता उरतो. स्पर्शकोन उतरला आहे आणि वजन व खडबडीतपणा फारसा बदललेला नाही, अशी सगळ्यात छोटी वेळ निवडा.

धुणं हा कंटाळवाणा भाग, आणि तिथेच घाई होते. डिस्टिल्ड वॉटर बदलत राहा. शेवटच्या पाण्याचा पीएच आणि ताज्या डिस्टिल्ड वॉटरचा पीएच सारखा आला की थांबा. प्रक्रिया न केलेल्या फिल्मही तितकाच वेळ पाण्यात ठेवा, म्हणजे दोन्ही गटांत फरक कॉस्टिकचाच राहील.

कॉस्टिकऐवजी प्लाझ्मा (विजेने आयनीकृत केलेला वायू) वापरणार असाल तर अंतराचा विचार करा. प्लाझ्माने आलेला ओलेपणा हवेत टिकत नाही, आणि पीडीएमएसवर तर काही तासांतच उतरू लागतो. पुण्यात प्लाझ्मा करून डबीत तुकडे घालून एसटीने सांगलीला आणायचे आणि दुसऱ्या दिवशी पेशी टाकायच्या, यात पेशीला मिळतो तो बराचसा जुनाच पृष्ठभाग. तुकडे निर्जंतुक पाण्यात बुडवून आणले तर ही उतरण मंदावते. त्याहून बरं म्हणजे पेशी टाकायच्या दिवशीच प्लाझ्मा करणं.

४. निर्जंतुकीकरण, आणि मोजमाप त्यानंतरच

बहुतेक जण स्पर्शकोन आधी मोजतात, फिल्म मग अल्कोहोल-यूव्हीतून काढतात, आणि रिपोर्टात पहिला आकडा लिहितात. निर्जंतुकीकरणानेही पृष्ठभाग बदलतो. पेशीच्या वाट्याला जो पृष्ठभाग येणार आहे, तो मोजा.

ऑटोक्लेव्ह पीसीएलला चालणारच नाही, १२१ अंशांला त्याचा लगदा होतो. पीएलएही तिथे वाकतो आणि वाफेने त्याच्या साखळ्या तुटतात. पीडीएमएसला ऑटोक्लेव्ह चालतो. पीसीएलसाठी कॉलेजच्या लॅबमध्ये जमणारा मार्ग असा: ७० टक्के इथेनॉलमध्ये ३० मिनिटं बुडवून ठेवायचं, मग निर्जंतुक पीबीएसने (फॉस्फेटचं खारं बफर द्रावण) तीन वेळा धुवायचं. वाटल्यास त्याआधी दोन्ही बाजूंना थोडा वेळ यूव्ही. यूव्ही सावलीत पोहोचत नाही, म्हणजे खडबडीत फिल्मच्या खळग्यांत त्याचा भरवसा कमी. आणि तासन् तास ठेवलं तर पॉलिमरचं ऑक्सिडेशन होऊन स्पर्शकोन हलतो. इथेनॉलही जिवाणूंचे बीजाणू मारत नाही. महिनाभर चालणारा प्रयोग असेल तर मिरजेच्या एखाद्या रुग्णालयात ईटीओची (इथिलीन ऑक्साइड वायूने निर्जंतुक करण्याची) सोय होते का ते विचारा. विचारताना सायकलचं तापमान नक्की विचारा: ३७ अंशांचं चालेल, ५५ अंशांचं पीसीएलच्या वितळण्याच्या फार जवळ जातं. वायू पूर्ण निघून जायला पुरेसे दिवस द्या, नाहीतर पेशी मरतील आणि दोष पृष्ठभागावर जाईल.

सावध: इथेनॉलमधून काढलेली फिल्म पेशींसाठी जाणार असेल तर मधे सुकू देऊ नका. ओलीच पीबीएसमध्ये, पीबीएसमधून मीडियात. खडबडीत फिल्म सुकली की खळग्यांत हवा अडकते आणि मीडिया आत शिरत नाही.

मोजमापासाठी त्याच बॅचचे, त्याच वाटेने गेलेले वेगळे तुकडे ठेवा. हे मात्र डिस्टिल्ड वॉटरने धुऊन सुकवायचे, कारण मिठाचा थर राहिला तर थेंब खोटं बोलतो.

५. स्पर्शकोन आणि खडबडीतपणा

गोनिओमीटर नसेल तरी काम अडत नाही. टेबल लेव्हलमध्ये, फिल्म सपाट चिकटवलेली, मागे पांढरा कागद आणि त्यामागे दिवा, मोबाइलचा कॅमेरा थेंबाच्या अगदी उंचीला. ३ मायक्रोलिटर डीआयोनाइज्ड पाणी पिपेटच्या टोकाला लोंबकळवून हलकेच टेकवा, वरून टाकू नका. ठरावीक क्षणी फोटो घ्या, समजा थेंब टेकल्यावर ५ सेकंदांनी, आणि ही वेळ सगळीकडे पाळा. उन्हाळ्यात थेंब डोळ्यांदेखत आटतो आणि कोन उतरतो. पंखा बंद. इमेजजे या मोफत प्रोग्रॅममध्ये कोन काढता येतो. प्रत्येक फिल्मवर पाच जागा, प्रत्येक गटात तीन फिल्म. २० अंशांखालचे कोन मोबाइलने भरवशाचे येत नाहीत, तिथे "२० पेक्षा कमी" एवढंच लिहा.

आता खडबडीत फिल्मचा गुंता. अळूच्या पानावरून पाणी घरंगळतं ते नुसत्या मेणामुळे नव्हे, पानावरच्या सूक्ष्म उंचवट्यांखाली हवा राहते म्हणूनही. पॉलिमरचं तसंच आहे. गुळगुळीत पीसीएल फिल्मचा स्पर्शकोन साधारण ८० अंशांच्या आसपास असतो, आणि त्याच पीसीएलच्या इलेक्ट्रोस्पिनिंग केलेल्या (विजेच्या दाबाने बारीक तंतू ओढून बनवलेल्या) जाळीचा १२० च्या वर जातो. रसायनात काडीचाही फरक नाही. त्यामुळे जाळीचा कोन फिल्मच्या कोनाशेजारी एकाच तक्त्यात ठेवून "जाळी जास्त हायड्रोफोबिक" असं लिहिणं म्हणजे परीक्षकाच्या हाती आयतं कोलीत देणं. पृष्ठभागाच्या रसायनाबद्दल बोलायचं असेल तर गुळगुळीत गटाचाच कोन वापरा.

हायड्रोजेलवर थेंब ठेवून कोन मोजायला जाऊ नका. सुकलेलं जेल वेगळंच वागतं. ते पाण्यात बुडवून खालून हवेचा बुडबुडा टेकवून मोजतात.

खडबडीतपणासाठी एएफएम (अणुबल सूक्ष्मदर्शक) किंवा प्रोफाइलोमीटर लागतो, आणि त्यासाठी बहुतेकांना कोल्हापूर किंवा पुणे गाठावं लागतं. जाण्याआधी स्कॅनचं क्षेत्र ठरवून जा. पसरलेली फायब्रोब्लास्ट पेशी अनेक दहा मायक्रोमीटर लांब असते. ५ बाय ५ मायक्रोमीटरच्या स्कॅनमध्ये पेशीच्या पायाखालचा बारीक पोत दिसतो, तिच्या अंगाएवढे चढउतार दिसत नाहीत. दोन्ही आकारांचे स्कॅन घ्या आणि आरएच्या, म्हणजे सरासरी खडबडीतपणाच्या, आकड्याशेजारी क्षेत्र लिहा. त्याशिवाय तो आकडा निरर्थक आहे.

कडकपणाबद्दल थोडक्यात. पीसीएल फिल्म पेशीच्या दृष्टीने कडकच आहे, त्यामुळे या चार गटांत तो प्रश्न येत नाही. पीडीएमएसमध्ये बेस आणि क्युरिंग एजंटचं प्रमाण १० ला १ ऐवजी ५० ला १ करून मऊपणा मिळवता येतो, पण मग न जोडलेल्या साखळ्या मोठ्या प्रमाणात उरतात आणि मीडियात झिरपतात. तिथे पुढची पायरी टाळता येणार नाही.

६. विष नाही ना, याची खात्री

पेशी फिल्मवर टाकण्याआधी फिल्मचा अर्क तपासा. आयएसओ १०९९३-१२ या मानकानुसार ०.५ मिलिमीटरपेक्षा पातळ नमुन्यासाठी दर मिलिलिटर मीडियाला ६ चौरस सेंटिमीटर पृष्ठभाग घेतात. हिशेबात दोन्ही बाजू धरा. ३७ अंशांला २४ तास ठेवा आणि तो मीडिया प्लेटवर आधीच वाढलेल्या एल९२९ (उंदराच्या फायब्रोब्लास्ट) पेशींना द्या. जिवंतपणा नियंत्रण गटाच्या ७० टक्क्यांखाली गेला तर नमुन्यात पेशींना घातक काहीतरी आहे. अशा वेळी दुसऱ्या आणि तिसऱ्या पायरीकडे परत जा: सुकवणं किंवा धुणं, दोहोंपैकी एक कमी पडलं आहे.

७. प्रथिनाचा थर आणि पेशी टाकणं

तुकडे २४ वेलच्या प्लेटमध्ये ठेवा. पीसीएल पाण्यापेक्षा जड असूनही पातळ फिल्म बुडबुड्यांमुळे तरंगते. तिच्यावर स्टीलची किंवा काचेची रिंग ठेवा. रिंग ऑटोक्लेव्ह होते आणि पेशींना मोजकं क्षेत्र मिळतं. मग १० टक्के सीरमचा मीडिया घालून इन्क्युबेटरमध्ये ठेवा, सगळे गट सारख्याच वेळेला, किमान तासभर. संपूर्ण प्रयोगाला सीरमचा एकच लॉट वापरा.

बसलेलं प्रथिन मोजायचं असेल तर ते एसडीएस या डिटर्जंटच्या द्रावणाने सोडवून घेतात. ते ब्रॅडफर्ड चाचणीने मोजू नका, एसडीएस त्यात ढवळाढवळ करतं. बीसीए चाचणी वापरा.

एल९२९ किंवा एनआयएच-३टी३ पेशी पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राकडून मिळतात. आल्या आल्या प्रयोगाला जुंपू नका. दोन-तीन पॅसेज (एका प्लेटमधून नव्या प्लेटमध्ये पेशी हलवण्याच्या फेऱ्या) स्थिरावू द्या, थोड्या गोठवून ठेवा, मग कामाला घ्या. रिंगच्या आतल्या क्षेत्रावर दर चौरस सेंटिमीटरला १०,००० पेशी हे सुरुवातीला ठीक प्रमाण आहे.

सावध: फिल्मच्या मधोमध ५० मायक्रोलिटरचा पेशींचा थेंब ठेवून तासाभराने मीडिया घालायची पद्धत या प्रयोगात वापरू नका. प्रक्रिया न केलेल्या फिल्मवर थेंब गोळा होऊन बसतो, प्रक्रिया केलेल्यावर पसरतो. पेशींची दाटी पहिल्या तासातच वेगळी होते आणि त्याचं श्रेय रसायनाला जातं. पेशी पूर्ण मीडियात मिसळून, रिंगच्या आत, सगळीकडे सारख्याच खोलीने घाला.

टाकल्यावर प्लेट गोल फिरवू नका, पेशी मधे जमतात. पुढे-मागे आणि डावी-उजवीकडे हलकेच सरकवा. लॅमिनार हूडमध्येच १५-२० मिनिटं राहू द्या, मग इन्क्युबेटरमध्ये. कडेच्या वेलमधला मीडिया लवकर आटतो, तिथे नुसतं पीबीएस भरा. वीज जाणार असल्याचं कळलं असेल तर त्या दिवशी पेशी टाकू नका. आधीच टाकल्या असतील तर इन्क्युबेटरचं दार वीज येईपर्यंत बंद.

८. मोजणं: चिकटल्या किती, वाढल्या किती

एकाच दिवशीचा आकडा घेऊन "वाढ" लिहू नका. ४ तासांनी एक प्लेट, मग पहिल्या, तिसऱ्या आणि पाचव्या दिवशी एकेक. समजा 'अ' फिल्मचं (एमटीटीच्या रंगाचं) प्रकाशशोषण ४ तासांनी ०.१० आणि तिसऱ्या दिवशी ०.४० आलं, 'ब' फिल्मचं ०.२० आणि ०.८०. तिसऱ्या दिवशी 'ब' दुप्पट दिसते. वाढ मात्र दोन्हींवर चौपट आहे. 'ब'वर सुरुवातीलाच दुप्पट पेशी चिकटल्या, एवढंच. पृष्ठभागाचा परिणाम चिकटण्यावर झाला, वाढीच्या वेगावर नाही. निष्कर्ष पार बदलतो.

एमटीटी करताना क्रम असा:

- रिंग काढा, फिल्म पीबीएसने हलकेच धुवा.
- फिल्म नव्या वेलमध्ये हलवा. जुन्या वेलच्या तळाला आणि भिंतींना चिकटलेल्या पेशी मोजल्या गेल्या तर तुम्ही फिल्मऐवजी प्लेटचं प्लास्टिक मोजता. सगळ्यात जास्त रिपोर्ट इथे बिघडतात.
- एमटीटीचं अंतिम प्रमाण ०.५ मिलिग्रॅम दर मिलिलिटर, ३ ते ४ तास, प्लेट फॉइलमध्ये.
- द्रव काढून डीएमएसओ घाला, जांभळा रंग पूर्ण सुटू द्या.
- १०० मायक्रोलिटर द्रव ९६ वेलच्या नव्या प्लेटमध्ये घेऊन ५७० नॅनोमीटरला मोजा. फिल्मसकट वाचू नका. पीएलजीए हा पॉलिमर डीएमएसओमध्ये विरघळतो, तिथे दुसरी चाचणी घ्या.
- बिनपेशीच्या तुकड्याचा आकडा त्याच गटातून वजा करा.

सांगलीकरांसाठी वेगळी सूचना, कारण फिल्ममध्ये हळद किंवा कर्क्युमिन घालायचा मोह इथे कुणाला होत नाही? कर्क्युमिन स्वतःच एमटीटीला क्षपित करू शकतं, म्हणजे पेशी नसतानाही जांभळा रंग येतो. शिवाय ते हिरवं चमकतं, त्यामुळे हिरव्या रंगाच्या जिवंत-मृत चाचणीत अख्खी फिल्मच "जिवंत" दिसते. कर्क्युमिन असेल तर पेशींची केंद्रकं निळ्या डीएपीआयने रंगवून आकार ओळखून मोजा, आणि बिनपेशीची पिवळी फिल्म त्याच एक्स्पोजरला शेजारी दाखवा.

कोणतीही चाचणी असो, सूक्ष्मदर्शकाखाली पेशींचा आकार पाहिल्याशिवाय आकड्यावर विश्वास ठेवू नका. फॅलॉइडिनने (पेशीचा अंतर्गत सांगाडा रंगवणारं द्रव्य) रंगवलेली पेशी पसरलेली, टोकं काढलेली दिसते की गोल गोटीसारखी? गोल पेशी जिवंत असू शकते, एमटीटीत रंगही देते, पण ती त्या पृष्ठभागावर रुळलेली नसते.

९. लिहिताना

एकाच प्लेटमधल्या तीन वेल म्हणजे तीन प्रयोग नव्हेत. वेगळ्या दिवशी ओतलेली फिल्म आणि वेगळ्या पॅसेजच्या पेशी घेऊन केलेली फेरी हा एक प्रयोग. अशा किमान तीन फेऱ्यांवर सांख्यिकी करा.

चार गटांचे निकाल आडवे-उभे वाचा. गुळगुळीत आणि खडबडीत दोन्हींवर प्रक्रियेने सारखाच फरक पडला तर रसायनाबद्दल बोलायला आधार आहे. फरक फक्त खडबडीतवर दिसला तर खळग्यांत अडकलेली हवा निघाल्याचाही तो परिणाम असू शकतो. दोन्ही शक्यता लिहा. प्रक्रियेनंतर गुळगुळीत फिल्मचा आरए वाढलेला आढळला तर रसायन आणि पोत वेगळे करता आले नाहीत असं सरळ लिहून टाका. परीक्षक ते विचारणारच आहे.

तक्त्यात प्रत्येक गटासाठी निर्जंतुकीकरणानंतरचा स्पर्शकोन, स्कॅनच्या क्षेत्रासह आरए, कॉस्टिकची वेळ, ओतण्याच्या दिवशीची आर्द्रता, पॅसेज क्रमांक आणि सीरमचा लॉट द्या. प्रत्येक बॅचचे दोन तुकडे बाजूची खूण आणि तारीख घालून डेसिकेटरमध्ये ठेवा. व्हायव्हाच्या आदल्या दिवशी कुणी स्पर्शकोन पुन्हा मोजायला सांगितला, तर त्याच बॅचची फिल्म हाताशी असेल.